दीड इंची धनुष्याला केवढी स्प्रे गन लागते?

मुलुंडला राहणारे, नोकरी सांभाळून रविवारी धनुष्यं करणारे एक गृहस्थ विचारतात: ‘आजवर पाच धनुष्यं केली. तीन माणगा बांबूची, दोन लाकडाच्या पट्ट्या चिकटवून. पॉलिश कापडाने लावतो, पण रेघा राहतात. एकावर तर वाकणाऱ्या भागात बारीक आडव्या भेगा आल्या. आता स्प्रे गन घ्यायची म्हणतोय. ९०० रुपयांपासून २५,००० पर्यंत गन दिसतात. कॉम्प्रेसर धरून माझ्याकडे १२,००० आहेत. इमारतीची गच्ची वापरायला मिळेल. काय घेऊ?’

मी स्प्रेचं काम ओशिवऱ्याच्या फर्निचर कारखान्यात शिकलो. धनुष्यं करायला लागलो ते नंतर, त्यालाही आता १८ वर्षं झाली. तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर आधी देतो. ०.८ मिलिमीटर नोझलची, वर १२५ मिलीचा कप असलेली छोटी टच-अप गन घ्या. तिच्या जोडीला १ हॉर्सपॉवरचा, २४-२५ लिटर टाकीचा कॉम्प्रेसर घ्या. गनवरचे वाचलेले पैसे पाणी अडवणाऱ्या फिल्टरवर आणि मास्कवर घाला. आणि एक गोष्ट मनाशी पक्की करा, त्या आडव्या भेगा गनने जाणार नाहीत. त्या लावलेल्या मालामुळे, म्हणजे पॉलिशमुळे आल्यात. त्याकडे पुढे येतोच.

छोटीच गन का, याचा हिशोब करून बघा. साडेपाच फुटी धनुष्य म्हणजे सुमारे १७० सेंटिमीटर लांबी. पोट (धनुर्धाऱ्याकडची बाजू), पाठ (त्याच्या उलटी, समोरची बाजू) आणि दोन्ही कडा मिळून घेर सरासरी १० ते ११ सेंटिमीटर. म्हणजे सगळं क्षेत्रफळ जेमतेम २ चौरस फूट. कपाटाच्या एका छोट्या दारापेक्षाही कमी. फवारा थोडा वाया जाणार हे धरलं, तरी एका हाताला ३० ते ५० मिली माल पुरतो. मग १२५ मिलीचा कप लहान कसा म्हणायचा? उलट ६०० मिलीच्या डब्यात ४० मिली माल ओतलात, तर तो तळालाच फिरत राहतो आणि गन तिरपी झाली की हवा ओढते.

दुसरी गोष्ट फवाऱ्याच्या रुंदीची. फर्निचरला वापरतात ती १.४ मिमीची मोठी गन वीसेक सेंटिमीटर रुंद पट्टा मारते. धनुष्याची भुजा, म्हणजे मुठीच्या वरचा-खालचा वाकणारा भाग, ४ सेंटिमीटर. पाचातले चार भाग माल सरळ हवेत गेला, तुमच्या नाकात गेला, शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गेला. छोटी गन ५-६ सेंटिमीटरपर्यंत आवळता येते. पुढे टोकाकडे भुजा बोटाएवढी निमुळती होते, तिथे फवारा गोल करून घेता येतो.

आता तुम्ही बघितलेल्या बाकीच्या गनबद्दल.

थेट विजेवर चालणारी, कॉम्प्रेसर न लागणारी गन सगळ्यांना मोहात पाडते, कारण दोन-तीन हजारांत काम झाल्यासारखं वाटतं. तिचं नोझल बहुतेक वेळा १.८ मिमी किंवा त्याहून मोठं असतं. ती भिंतीसाठी, ग्रिलसाठी, दरवाजासाठी बनलेली आहे. थेंब जाड पडतात, पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो, आणि मुठीजवळच्या वळणावर ओघळ ठरलेला. धनुष्यासाठी ती घेऊ नका.

एअरब्रश याच्या अगदी उलट. ०.३ मिमीची सुई, पेन्सिलीएवढा फवारा. मुठीजवळ रंगाची छटा द्यायची असेल तर फार सुंदर काम करतो. पण अख्ख्या धनुष्याला क्लिअर कोट मारायला बसलात, तर पहिल्या टोकाचा माल सुकतो तरी दुसरं टोक कोरडंच असतं. जोड दिसतो. शिवाय एअरब्रशसोबत मिळणारा छोटा कॉम्प्रेसर मिनिटाला २०-२५ लिटर हवा देतो, त्यावर टच-अप गन चालत नाही. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर काढून जोडायची कल्पना कोणी ना कोणी सुचवेलच. आवाज कमी हे त्याचं खरं, पण हवा तेवढीच थोडी आणि तीही तेलकट. पॉलिशमध्ये तेलाचा कण गेला की माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात आणि मग ते घासूनच काढावे लागतात.

स्प्रेच्या तयार डब्यांना मी नावं ठेवणार नाही. वर्षाला दोन-तीनच धनुष्यं होत असतील, तर गनच्या फंदात न पडता ४०० मिलीचे क्लिअर डबे आणा, किंवा एकाच डब्यातलं पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) पातळ करून कापडाने लावत राहा. तुमच्या रेघा बहुधा जाड माल आणि घाईमुळे आल्यात. पहिले दोन हात निम्म्याने पातळ करून लावले, मधे ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवला, तर कापडानेही रेघ राहत नाही. पण तुम्ही पाच केलीत आणि पुढेही करणार, असं तुमच्या प्रश्नावरून वाटतं. तेव्हा गन घ्या.

कॉम्प्रेसर घेताना हॉर्सपॉवरपेक्षा एक आकडा बघा: मिनिटाला किती घनफूट हवा, म्हणजे सीएफएम. छोट्या टच-अप गनला ३ ते ४ सीएफएम पुरते आणि १ हॉर्सपॉवरचा साधा कॉम्प्रेसर साधारण तेवढी देतो. मोठ्या एचव्हीएलपी गनला १० सीएफएमच्या वर लागते, म्हणजे तिला ३ हॉर्सपॉवरचं मशीन हवं. घरगुती ग्राहकाची फसगत इथेच होते. गन दोन हजारांना मिळाली म्हणून मोठी घेतो, छोट्या कॉम्प्रेसरला जोडतो, पहिले दहा सेकंद छान फवारा येतो, मग दाब बसतो आणि गन थुंकायला लागते. गनच्या नावाने बोटं मोडतो, पण गनचा त्यात काही दोष नसतो.

एचव्हीएलपी म्हणजे काय, हेही थोडक्यात सांगतो, कारण दुकानात हा शब्द ऊठसूट वापरतात. हवा भरपूर, पण तोंडाशी दाब कमी: एअर कॅपपाशी (गनच्या तोंडावरच्या टोपीपाशी) १० पीएसआयच्या आत. त्यामुळे माल लाकडावर आपटून उडत नाही, जास्त चिकटतो. गनच्या मुठीशी मात्र दाब २५-३० पीएसआय ठेवावा लागतो, प्रत्येक गनवर तो लिहिलेला असतो. हे दोन आकडे गोंधळून मुठीशीच १० ठेवणारे बरेच भेटलेत. त्यांच्या गनमधून थेंब गळतात.

तेलाचा आणि बिनतेलाचा असे दोन कॉम्प्रेसर दाखवतील. बिनतेलाचा घ्या. त्यातही ‘सायलेंट’ म्हणून मिळतो तो घेतलात तर इमारतीतल्या लोकांशी संबंध टिकतील. साधा पिस्टनवाला गच्चीवर सुरू केला की खालच्या मजल्यावर झोपलेलं बाळ उठतं. मी अलीकडे पाहिलेले भाव साधारण असे: ठीकठाक टच-अप गन १,२०० ते २,०००, २४ लिटरचा बिनतेलाचा कॉम्प्रेसर ६,००० ते ८,५००, रेग्युलेटर आणि पाण्याचा फिल्टर मिळून हजाराच्या आसपास, कार्बनच्या डब्यांसह अर्ध्या तोंडाचा मास्क २,००० च्या आगेमागे. तुमचे १२,००० बसतात, पण ताणून.

खरेदीला मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात स्वतः जा. फोटो बघून गन मागवू नका, कारण दोन सारख्या दिसणाऱ्या गनमध्ये फरक असतो तो आत: सुई आणि नोझल एकमेकांत किती नेमके बसतात त्यात. दुकानदाराला कपात पाणी घालून, हवा जोडून दाखवायला सांगा. जुन्या वर्तमानपत्रावर एक क्षणभर फवारा मारा. डाग दोन्ही बाजूंनी सारखा, लांबट अंड्यासारखा यायला हवा. केळ्यासारखा वाकडा आला, किंवा एका बाजूला जड आला, तर दुसरी काढायला सांगा. ट्रिगर सोडल्यावर तोंडाशी थेंब जमता कामा नये. सुई स्टेनलेस स्टीलची, नोझल स्टीलचं किंवा पितळेचं, आणि फवारा, माल व हवा या तिन्हींचे वेगवेगळे स्क्रू, हे बघा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच गनची सुई, नोझल आणि वायसर सुटे मिळतात का, हे विचारा. मिळत नसतील तर ती गन वर्षभराची पाहुणी समजा.

आता मुंबईच्या हवेबद्दल. ही गोष्ट मला गनपेक्षाही मोठी वाटते.

सुरुवातीच्या काळात एका जुलैमध्ये मी एका मुलीचं धनुष्य पूर्ण करायला घेतलं होतं. राष्ट्रीय स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ हा प्रकार बांबू-लाकडाच्या धनुष्याने खेळतात, ५० आणि ३० मीटरवर. ती त्याचीच तयारी करत होती आणि तिच्याकडे ते एकच धनुष्य. मी घाईने लॅकर मारला. पाच मिनिटांत सगळी पाठ दुधासारखी पांढरी पडली. वरून आणखी एक हात मारला, ते आणखी पांढरं झालं. शेवटी सगळं खरवडून पुन्हा केलं आणि तिचे सरावाचे आठ दिवस गेले. ते मला अजून लागतं.

कारण साधं आहे. थिनर उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, लाकूड गार पडतं. पावसाळ्यात २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असली, की दवबिंदू २५ अंशांवर असतो. म्हणजे पृष्ठभाग फक्त ३ अंशांनी गार झाला तरी हवेतलं पाणी ओल्या लॅकरवर दवासारखं बसतं आणि आत कोंडलं जातं. जानेवारीत, २५ अंश आणि ५५ टक्क्यांना, तोच दवबिंदू १५ अंशांच्या आसपास असतो. तेव्हा तोच माल, तोच हात, आणि काच मारल्यासारखं पॉलिश येतं. पावसाळ्यात मारणं अगदीच भाग असेल तर हळू उडणारा रिटार्डर थिनर थोडा मिसळा, हात पातळ ठेवा, आणि मोठी सर नुकतीच पडून गेली असेल तेव्हा गन हातात घेऊ नका. पांढरं पडलंच तर वरून माल चढवू नका. कोरड्या दिवशी नुसत्या रिटार्डरचा हलका फवारा मारला, की बऱ्याचदा ते उतरतं. त्या जुलैत हे मला माहीत नव्हतं.

हेच पाणी कॉम्प्रेसरमधूनही येतं. मिनिटाला १०० लिटर हवा ओढणारं मशीन पावसाळी हवेत तासभर सलग चाललं, तर त्या हवेसोबत सुमारे दीडशे ग्रॅम पाणी आत घेतं. दाबलेल्या हवेत एवढं मावत नाही, म्हणून निवल्यावर बरंचसं टाकीत आणि नळीत सुटतं. दर वेळी काम झालं की टाकीच्या तळाचा कॉक उघडून ते काढून टाका. फिल्टर मात्र कॉम्प्रेसरला चिकटवून लावू नका. तिथे हवा अजून गरम असते, पाणी वाफ होऊन फिल्टरमधून निसटतं आणि पुढे नळीत थंड होऊन गनमधून थेंबाने बाहेर पडतं. मधे ५-६ मीटर नळी ठेवून फिल्टर गनच्या बाजूला लावा. या एवढ्या बदलाने निम्म्या तक्रारी संपतात.

आणि लाकूड. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेली पट्टी १६-१७ टक्के ओलावा धरते. धनुष्याला ९-१० टक्के बरा. दमट धनुष्यावर पॉलिश चढवलं तर ओलावा आत कोंडतो, आणि दोरी उतरवल्यावरही भुजा वाकलेलीच राहते. पॉलिश ओलावा थांबवत नाही, त्याचं येणं-जाणं सावकाश करतं, एवढंच. म्हणून पावसाळ्यात धनुष्यं केलीत तर ती एसीच्या खोलीत किंवा बल्ब लावलेल्या लांब पेटीत दोन-तीन आठवडे ठेवा. वजन करत जा. वजन उतरायचं थांबलं, की पॉलिशला घ्या.

आता तुमच्या भेगा. फर्निचरचं पॉलिश एका जागी बसून असतं. धनुष्याची भुजा बाणागणिक वाकते, पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर जुना होत जातो तसा ठिसूळ होतो. मेलामाइन फार कडक, टेबलाला उत्तम, पण भुजेवर जाड बसलं तर आडवं तडकतं. तुम्ही काय लावलं होतं ते लिहिलं नाहीत, पण सुताराकडून घेतलेलं मेलामाइन किंवा जाड सीलर असणार, असा माझा अंदाज आहे. सीलरची, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवायला आधी मारतात त्या थराचीही हीच गत. घासायला सोपा म्हणून थरावर थर चढवतात आणि तो खालून फुटतो. भुजेवर सीलरचा एकच पातळ हात, तोही घासून जवळजवळ लाकडापर्यंत आणलेला, असावा. वर लवचिक पीयूचे तीन पातळ हात. जाड थराचा आणखी एक तोटा म्हणजे टोकाकडचं वजन. टोकाला वाढलेला प्रत्येक ग्रॅम बाणाचा वेग खातो.

कुठलाही नवा माल धनुष्यावर मारण्याआधी बांबूच्या एका कामटीवर मारा. आठ दिवस वाळू द्या, मग धनुष्य वाकतं त्याहून थोडी जास्त वाकवा आणि उजेडात तिरपी धरून बघा. ज्यांचं धनुष्य तडकलं त्यांच्यापैकी जवळजवळ कोणीच ही कामटी केलेली नव्हती.

पीयू म्हटल्यावर एक सांगणं भाग आहे, आणि इथे मी हट्टाने बोलतोय. दोन डब्यांचं, हार्डनर घालायचं पीयू घरी फवारू नका. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते एकदा छातीला बाधलं की दमा जडतो, आणि पुढे त्याचा थोडासा अंशही माणसाला सहन होत नाही. माझ्यासोबत काम करणाऱ्या एका उत्तम कारागिराला हा धंदाच सोडावा लागला. कार्बनचा मास्क इथे भरवशाचा नाही, कारण डबा संपला तरी धोक्याच्या प्रमाणातही या वाफेचा वास येत नाही, कळतच नाही. कारखान्यात बाहेरून ताजी हवा पुरवणारे मास्क असतात ते याचसाठी. तुम्ही एका डब्यातलं, हार्डनर नसलेलं पीयू वापरा, पण त्यातही आयसोसायनेट नाही हे डब्यावर वाचून. दोन डब्यांचंच हवं असेल, तर धनुष्य घासून तयार करा आणि फवारणीची बंद खोली असलेल्या पॉलिशवाल्याकडे न्या. त्याला माल स्वतः द्या आणि ‘पातळ तीन हात’ हे बजावून सांगा, नाहीतर तो टेबलासारखं जाड करून देईल.

साध्या थिनरच्या मालालाही मास्क हवाच, कापडी नव्हे, ऑरगॅनिक व्हेपरच्या, म्हणजे थिनरची वाफ शोषणाऱ्या कार्बनच्या डब्यांचा. दाढी असेल तर तो तोंडाला नीट बसत नाही. गच्चीवर उघड्यात मारा, पण पाण्याच्या टाक्यांपासून लांब, आणि कॉम्प्रेसर वारा येतो त्या बाजूला मागे ठेवा, वाफ पेटायला त्याच्या स्विचची ठिणगी पुरते. घरात मारायचं मनातही आणू नका. थिनरची वाफ जड असते, जमिनीवरून सरपटत जाते आणि स्वयंपाकघरातल्या गॅसच्या शेगडीपर्यंत किंवा देवापुढच्या समईपर्यंत पोचते.

मारायची पद्धत. धनुष्याची दोरी त्याआधी बांधू नका, किमान मेण लावलेली तरी नको. मेणाचा हात लागलेल्या जागी माल फाटतो. पट्ट्या इपॉक्सीने चिकटवल्या असतील तर आधी साध्या पाण्याने आणि स्क्रबरने धुऊन घ्या. इपॉक्सीवर येणारा मेणचट थर थिनरने निघत नाही, पाण्याने निघतो. मुठीला चामडं लावणार असाल तर तेवढी जागा टेपने झाका, कारण गोंद कोऱ्या लाकडाला जास्त चांगला धरतो. मग वरच्या खाचेत सुतळी अडकवून धनुष्य उभं टांगा, सुतळीला मासेमारीची फिरती कडी लावली तर ते एका बोटाने फिरवता येतं. माल फोर्ड कप बी-४ (पातळपणा मोजायचा, तळाला भोक असलेला कप) मधून १६ ते २० सेकंदांत उतरेल इतका पातळ करा. आधी दोन्ही कडा, मग पोट, शेवटी पाठ. गन १०-१२ सेंटिमीटरवर, ट्रिगर धनुष्याच्या बाहेर दाबायचा आणि बाहेरच सोडायचा, मधे हात थांबवायचा नाही. खाचांत माल साठू देऊ नका. वरचा हात ओला दिसेल इतपतच, त्याहून जास्त झाला की मुठीच्या उतारावर ओघळ येतो. आलाच, तर बोट लावू नका. पूर्ण वाळल्यावर ६०० नंबरच्या वॉटर पेपरने सपाट करा.

काम संपलं की लगेच गन धुवा, चहाही नंतर घ्या. कपातला माल काढून थिनर फवारायचा, एअर कॅप आणि नोझल काढून मऊ ब्रशने पुसायचं, सुई मागून ओढून साफ करायची. अख्खी गन थिनरमध्ये बुडवून ठेवलीत तर आतले वायसर फुगतात. भोकं बुजली तर टाचणी घालू नका, पितळ ओरखडलं की फवारा कायमचा वाकडा. बांबूची बारीक तासलेली काडी वापरा, ती तुमच्याकडे भरपूर असेल. सुईच्या वायसरवर पेट्रोलियम जेलीचा अगदी हलका हात द्या. सिलिकॉनचा स्प्रे मात्र गनच्या आसपासही आणू नका, नाहीतर पुढच्या धनुष्यावर पुन्हा ते माशाचे डोळे दिसतील.